बाटलीतला तपकिरी

“बारा,” मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं. “आठ.” आणखी एक पान. “चौऱ्याहत्तर.” ठिपक्याठिपक्यांची पानं होती, ठिपक्यांच्या गर्दीत आकडा लपवलेला. एका हाताने त्या वही धरत होत्या आणि दुसऱ्या हातातल्या पेल्यातून नळीने माते, म्हणजे इकडचा कडू चहा, ओढत होत्या. माझ्यामागे लायसन्सवाल्यांची रांग दारापर्यंत गेली होती. “सगळं बरोबर. पुढचे कोण?” मी खुर्चीवरून उठलो नाही. म्हटलं, “बाई, काहीतरी चुकतंय. मला रंग दिसत नाहीत. हिरवा-तपकिरी, लाल-हिरवा, काही कळत नाही मला.” त्यांनी नळी तोंडातून काढली. “मग हे आकडे काय वासाने ओळखलेत? कोण म्हणालं तुम्हाला असं?” “वडील.” “डोळ्यांचे डॉक्टर आहेत का वडील?” “नाही. ट्राउट माशाच्या गळाला लावायच्या नकली माश्या बांधतात, दोऱ्या-पिसांच्या.” रांगेतला एक जण फिदीफिदी हसला. बाईंनी वही परत उघडली, मधलीच पानं काढली, उलटसुलट दाखवली. मी सगळी वाचली. “एलादियो किलोद्रान, वय एक्कावन्न,” फॉर्मवर शिक्का मारत त्या म्हणाल्या, “तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. जा, गाडी चालवा.”

बाहेर नेउकेनचा नेहमीचा धुळीचा वारा होता. कोपऱ्यावरच्या सिग्नलखाली मी उभा राहिलो. दिवा तीनदा लाल झाला आणि तीनदा हिरवा, आणि मला तो तसाच दिसला, जसा आयुष्यभर दिसत आला होता. नवीन काहीच दिसलं नाही. रागाचं मूळ तिथेच आहे. दृष्टी परत मिळालेल्या माणसाला म्हणे रडू कोसळतं, हर्ष होतो; माझं काही गेलंच नव्हतं तर परत काय मिळणार? मला हिरवा हिरवाच दिसत होता. पण हिरवा दिसला की मी लगेच स्वतःला म्हणायचो, आपल्याला दिसतोय म्हणजे नसणार, लोक याला दुसरंच काही म्हणत असतील. मग मी गप्प बसायचो, नाहीतर शेजारच्याला विचारायचो. विचारलं की लोक हसत, आणि ते हसले की माझी खात्री आणखी पक्की होई. शाळेत नकाशे रंगवायचे असले की माझी वही मास्तर दुसऱ्या पोराकडे देत. सक्तीच्या लष्करभरतीच्या सोडतीत माझा आकडा लहान निघाला म्हणून सुटलो, घरीच राहिलो, त्यामुळे तिथली तपासणीही हुकली. छापखान्यात नोकरी चालून आली होती, ती मी आपणहून नाकारली, कारण छापखान्यात शाई असते. त्याऐवजी नटबोल्टच्या दुकानात लागलो. तिथे सगळं करडं असतं आणि मापं अंगठ्याला कळतात. तीस वर्षं मी अंगठ्याने जगलो. टोमॅटो कधी मी निवडले नाहीत. शर्ट बायको काढून ठेवते. मुलगी लहान असताना नवा फ्रॉक घालून समोर आली, “पप्पा, कुठला रंग?” म्हणाली, आणि मी माझ्या पोरीला म्हटलं, “आईला विचार.” सिग्नलखाली उभ्या उभ्या मला तो फ्रॉक आठवला. पिवळा होता. आंब्याच्या सालीसारखा धम्मक पिवळा, आणि पिवळ्याबद्दल तर बाबा काही बोललेही नव्हते. मीच घाबरून एकेक करत सगळे रंग सोडून दिले होते.

नोएमीला, माझ्या बायकोला, स्वयंपाकघरात सांगितलं. तिचा खांदा निखळला होता, हात गळ्यात बांधलेला. म्हणूनच तर, नापास झालास तर झालास म्हणत, तिने मला लायसन्सला पिटाळलं होतं. आधी ती हसली. मग तिचा चेहरा बदलला. “म्हणजे सव्वीस वर्षं मी एकटीने गाडी हाकली ती उगाच? बाळंतपणाला नवव्या महिन्यात मी स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेले, एलादियो, आणि तू शेजारी बसून मला सिग्नल विचारत होतास!” मी म्हटलं, मला काय माहीत. “तुला काय माहीत! तुझे डोळे, आणि माहीत म्हाताऱ्याला!” तिने एका हाताने कांदा चिरायचा प्रयत्न केला, सुरी घसरली, सुरी तिने भांड्यांत फेकली. “जा आणि विचार त्याला. विचारल्याशिवाय आलास तर मला तोंड दाखवू नकोस.” मी जाणारच होतो. पण मला बाबांना नुसतं विचारायचं नव्हतं. मला त्यांच्याकडून एक गोष्ट करून घ्यायची होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती, आईसाठी होती.

पहाटेच्या बसने निघालो. चारशे किलोमीटर नुसता माळ, काटेरी झुडपं आणि वारा. खिडकीला डोकं टेकून मी तोच एक उन्हाळा पुन्हा पुन्हा चघळत होतो. मी नऊ वर्षांचा होतो. बाबांचं तेव्हा आमच्या हुनीन गावात मोठं नाव होतं. पाण्यातल्या माशीला पंख फुटण्याआधी ती दगडाखाली किडा होऊन राहते, तिला निम्फ म्हणतात; ट्राउट मासा तोच खाऊन गब्बर होतो. बाकीचे लोक गळावर लोकरीचा बोळा गुंडाळून भागवायचे, माशाला एवढं कुठे कळतंय म्हणायचे. बाबांना ते पटत नसे. ते हुबेहूब बांधायचे. टेबलाच्या कडेला बसवलेल्या चिमट्यात गळ पकडायचा, भिंग डोळ्याशी, आणि सहाच्या सहा पाय, पायांचे गुडघे गरम सुईने वाकवलेले, पाठीवर पंखांच्या घड्या लाखेने चकाकणाऱ्या पिसाच्या, शेपटीचे दोन केस. शहरातून मासेमारीला येणारे पाहुणे तो किडा तळहातावर घेऊन दचकायचे. नमुने बाबांनी पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्यांत स्पिरिट भरून ठेवले होते, प्रत्येकीवर नदी आणि तारीख: चिमेउइन, मायेओ, अलुमिने. बाटलीतला किडा समोर ठेवून ते बांधत, आणि बाटलीतला किडा तपकिरी होता, चहाच्या चोथ्यासारखा. मी मात्र दिवसभर नदीत. मला किडे दगडाखाली चालताना माहीत होते. त्या उन्हाळ्यात त्यांनी मला पहिल्यांदा टेबलाशी बसवलं, “बांध एक,” म्हणाले, आणि मी आईच्या उसवलेल्या स्वेटरची शेवाळी लोकर घेतली, कारण किडा शेवाळी असतो. ब्यूनोस आयर्सचे दोन पाहुणे बसले होते, बूट काढून, वाइन पीत. त्यातल्या टकल्याने माझा किडा उचलला आणि म्हणाला, “अहो बाउदिलिओ, पोरगा बरोबर सांगतोय की काय? मलासुद्धा नदीत हिरवटच वाटले होते हे.” बाबांनी भिंग खाली ठेवलं. “पोराला रंग दिसत नाहीत हो,” ते म्हणाले, “आईच्या बाजूने आलंय. मासिकात वाचलं मी, हा रोग बायकाच देतात.” टकला म्हणाला, “अरेरे.” आई तेव्हा तळलेल्या तोर्तांचं, म्हणजे जाड पुऱ्यांचं, ताट घेऊन दारात उभी होती.

आईने ते ऐकलं आणि ताट ठेवून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या रंगीत पेन्सिलींवर कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या: लाल, निळा, हिरवा, तपकिरी. मोज्यांच्या आतून गाठी मारून दिल्या, एक गाठ काळ्याला, दोन तपकिरीला. कुणी विचारलं की ती खाली बघायची आणि म्हणायची, “हो, माझ्या माहेरचं आहे.” माझ्या मावश्या आल्या की आजोबांपासून सगळ्यांचे डोळे तपासले जायचे आणि कुणालाच काही नसायचं, तरी ती मान डोलवायची. हेच मला बसमध्ये जाळत होतं. माझं जे गेलं ते गेलं, मी पुरुष आहे, नटबोल्ट विकून पोरगी मोठी केली. पण एका बाईने तीस वर्षं मान खाली घातली, न केलेल्या गुन्ह्याबद्दल, दारुडी नाही, कजाग नाही, साधी सरळ बाई! अकरा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होतो. तिने माझ्या पापण्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “डोळ्यांचं मला माफ कर, एलादियो.” मी म्हटलं, “काहीतरीच काय आई.” आता बसमध्ये मी ठरवून टाकलं: बाबांना हाताला धरून दफनभूमीत न्यायचं, तिच्या क्रुसासमोर उभं करायचं, आणि त्यांच्या तोंडाने वदवून घ्यायचं की तुझ्या रक्तात खोट नव्हती. ऐंशीचे असोत नाहीतर शंभरचे. उचलून न्यावं लागलं तरी नेणार होतो.

गावात उतरलो तर आधी घरी न जाता नदीवर गेलो, कारण मला पुरावा हवा होता. बूट-मोजे काढून पाण्यात शिरलो. चिमेउइनचं पाणी घोट्याला चावतं. गुडघाभर पाण्यातून एक दगड उचलून उलटा केला. दगडाच्या पोटाला चार-पाच किडे चिकटले होते, उजेड लागताच कडेला पळू लागले. एकाला मी नखाने हळूच तळहातावर घेतलं. शेवाळी. पाठीवर जरा गडद, पोटाकडे पोपटी, पायांच्या सांध्यांवर पिवळसर. तो माझ्या हातावर दम लागल्यासारखा पोट हलवत होता आणि मी एवढा मोठा माणूस त्याच्याकडे बघून शिव्या घालत होतो. बेचाळीस वर्षं मी या नदीत पाय घातला नव्हता. दिसतच नाही तर नदीवर करायचं काय, असं सगळ्यांनी म्हटलं आणि मी ऐकलं. पण पाणी पायांना ओळखीचं लागलं. कुठे पाऊल टाकायचं, कुठे दगड निसरडा, पायांना विचारावं लागलं नाही. तिथून हलूच नये असं वाटलं, आणि त्याचाही राग आला.

घरी बाबा टेबलाशीच होते. पाठ आणखी वाकली होती, भिंग आणखी जाड झालं होतं. “आलास? कळवायचं तरी. मटण आणून ठेवलं असतं.” “बाबा, मी डोळे तपासले.” “हं.” “काही दोष नाही. रंग दिसतात मला. सगळे.” त्यांच्या चिमट्यात किडा होता, अर्धवट, तपकिरी. “थांब जरा,” ते म्हणाले, “दोरा सुटेल.” आणि त्यांनी दोऱ्याचे तीन वेढे घातले, गाठ मारली, कात्रीने टोक कापलं, लाखेचा थेंब सोडला. गाठ पुरी झाल्याशिवाय ते कधीच कुणाशी बोलत नसत, घराला आग लागली असती तरी. मी उभा. मग त्यांनी मान वर केली. “मग बरंच झालं की,” ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी फळीवरून हात फिरवला आणि बाटल्यांची अख्खी रांग खाली लोटली. पेनिसिलिनच्या बाटल्या जाड काचेच्या, एकही फुटली नाही, गडगडत सगळ्या खोलीभर गेल्या, आणि त्यानेच मी जास्त पिसाळलो. “तुमचे किडे खोटे आहेत!” मी ओरडलो. “स्पिरिटमध्ये रंग मरतो! मेलेले किडे बघून बांधलेत आयुष्यभर आणि आंधळा मला म्हणालात! नदी दहा पावलांवर होती, बाबा. एक दगड उलटायचा होता!” “उलटला होता,” ते म्हणाले. “काय?” “त्याच संध्याकाळी. पाहुणे जेवायला बसले तेव्हा तुझा हिरवा किडा खिशात घालून मी नदीवर गेलो. पुलाखाली. पाच वेळा टाकला, तीन मासे लागले. मग दगडही उलटून बघितला.” वाकून ते पायाजवळची एक बाटली उचलू लागले, हात पोचेना, मीही दिली नाही. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं.” “माहीत होतं. त्या टकल्यासमोर पटकन तोंडातून गेलं. नऊ वर्षांचं पोर मला माझा धंदा शिकवतंय, आणि तो हसतोय. गेलं तोंडातून.” “आणि मग हेच तपकिरी?” “गिऱ्हाइकाला बाटली दाखवली की तपकिरीच पटतो. आणि ट्राउट भुकेला असला की तपकिरीही खातो.” हे ते इतक्या सहज म्हणाले की मला त्यांची मान धरावीशी वाटली. खरंच वाटलं. माझे हात उठलेसुद्धा असतील.

“उठा,” मी म्हटलं. “चला माझ्याबरोबर. आईपुढे उभं राहून हे सगळं सांगा. ती बिचारी मरेपर्यंत समजत होती की तिने मला आंधळं केलं.” बाबा हलले नाहीत. भिंग काढून त्यांनी डोळे पुसले. रडत नव्हते, म्हातारपणी येतं तसं पाणी होतं. “तुझ्या आईला, ओर्तेन्सियाला काय सांगू?” ते म्हणाले. “तिला त्याच रात्री सांगितलं मी. अंथरुणावर. म्हटलं, चूक झाली, पोराचे डोळे माझ्यापेक्षा तेज आहेत, उद्या त्याला सांगून टाकतो. तर उठून बसली. म्हणाली, खबरदार.”

बाबांनी चिमट्यातला किडा सोडवला, बोटांत धरला, पुन्हा ठेवला. “तू बघितलं होतंस ना, मी त्या लोकांना पाठीवर घेऊन नदी पार करायचो? बूट भिजू नयेत म्हणून. एकदा एक जण माझ्या पाठीवर बसून टाचा मारत होता, हुर्र घोड्या म्हणत, आणि काठावर सगळे हसत होते. ओर्तेन्सिया कपडे धूत होती तिथे. तिने ते पाहिलं होतं. त्या रात्री म्हणाली, खोटं तुम्ही बोललात, आता निभवा. पोराला दिसतं हे कळलं तर तो या टेबलाशी बसणार आणि पुढे त्याच्याही पाठीवर कुणीतरी बसणार. दिसत नाही तर नाही. शाळा शिकेल, शहरात जाईल.” त्यांचा आवाज चढला, पहिल्यांदाच. “मला काय हौस होती? मला हाताखाली मुलगा हवा होता! तुझ्या हातात होतं ते माझ्या हातात नव्हतं. एक वाक्य बोललो, आणि त्या बाईने मला त्याची आयुष्यभर शिक्षा दिली. पट्ट्या चिकटवत बसायची आणि माझ्याकडे बघायची. तुला वाटायचं, लाजेने मान खाली घालते. हट! तिला हसू आवरत नसायचं कधीकधी.”

“मला विचारायचं होतंत,” मी म्हटलं. माझा आवाज नऊ वर्षांच्या पोरासारखा निघाला. “नऊ वर्षांच्या पोराला काय विचारायचं?” “मग विसाव्या वर्षी. तिसाव्या.” “तिसाव्या वर्षी तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास, बायको गाडी चालवतेय, मागे पोरगी. तुझी आई दारातून बघत राहिली. मला म्हणाली, बघा, कोण बसलंय का याच्या पाठीवर? काय सांगणार होतो मी?” ते खुर्चीवरून उतरले, गुडघ्यांवर बसले आणि बाटल्या गोळा करू लागले, एकेक उचलून चिठ्ठी वाचत. मी त्यांना मदत केली नाही. तसाच बाहेर पडलो.

दफनभूमी गावाच्या टोकाला, पॉपलरच्या रांगेआड. तिथे मी बाबांना घेऊन येणार होतो, एकटाच पोचलो. आईच्या क्रुसाला कुणीतरी नुकताच पांढरा रंग दिला होता, पायथ्याशी गवत काढलेलं. बसमध्ये मी शब्द जुळवले होते, ते आता कुणासाठी? जिच्या वतीने मी भांडायला आलो होतो तिनेच तर माझ्या नदीला कुलूप घातलं होतं. आणि वाईट हेतूने म्हणावं तर तेही नाही. मला वाचवलं तिने! नटबोल्टच्या दुकानात तीस वर्षं मालक “ए किलोद्रान” म्हणून बोटाने बोलवायचा, शनिवारी त्याच्या बायकोच्या पिशव्या गाडीपर्यंत पोचवायचो. पाठ काही तिथेही मोकळी नव्हती, फक्त नदी नव्हती. हे तिला सांगायचं होतं. तिच्यावर ओरडायचं होतं, आणि आईवर ओरडायची मला सवय नव्हती. मी पुटपुटलो. शब्द तोंडातून निघाले की वारा घेऊन जात होता. दोन ओळी पलीकडे एक म्हातारी नवऱ्याच्या थडग्यावर डब्याने पाणी घालत होती. बराच वेळ ती माझ्याकडे बघत होती. शेवटी डबा खाली ठेवून म्हणाली, “अहो, इथे वारा फार. असं पुटपुटून त्यांना काही ऐकू जात नाही. मी तर ओरडूनच बोलते यांच्याशी.” थट्टा नव्हती तिच्या तोंडावर, रोजची गोष्ट सांगावी तसं सांगितलं तिने आणि परत पाणी घालू लागली.

मग मी मोठ्याने बोललो. “मला जायचं नव्हतं, आई,” मी ओरडलो. “मला इथंच राहायचं होतं.”